यदृच्छेची वंशावळ

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात ईश्वरावर एक फिर्याद दाखल झालेली आहे, आणि ती कोणा नास्तिकाने टवाळीखातर केलेली नसून वेदान्त्यांनीच पूर्वपक्ष म्हणून मोठ्या प्रामाणिकपणे मांडलेली आहे. देवांच्या वाट्याला निव्वळ सुख, पशूंच्या वाट्याला बहुतेक दुःख आणि मनुष्याच्या वाट्याला दोहोंची सरमिसळ, अशी विषम वाटणी करणारा आणि अखेर सर्वांचाच संहार मांडणारा जगत्कर्ता पक्षपाती व निर्दय ठरत नाही काय, असा तो सवाल आहे. श्रीशंकराचार्यांनी भाष्यात त्याला दिलेला जबाब असा की, ईश्वर हा पर्जन्यासारखा आहे. पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो, तरी भाताचे भात होते आणि जवाचे जव होतात, याचे कारण पावसात नसून त्या त्या बीजाच्या सामर्थ्यात असते, आणि त्याचप्रमाणे प्राणिमात्रांच्या स्थितीतील वैषम्याचे मूळ ईश्वरात नसून ज्याच्या त्याच्या पूर्वकर्मात असते.

शेकडो वर्षे या जबाबाने सज्जनांचे समाधान केले आहे, आणि त्याची बांधणी इतकी पक्की आहे की बाहेरून त्याला धक्का देणे सोपे नाही. परंतु विसाव्या शतकात मनुष्याला बीजाच्या आत पाहण्याची सोय झाली. एक बीज दुसऱ्याहून भिन्न होते ते कसे, किती वेगाने होते, आणि तो वेग निरनिराळ्या जीवजातींत निरनिराळा का असतो, हे प्रश्न आता मोजमापाच्या कक्षेत आले आहेत; आणि त्यांच्या उत्तरांचा त्या जुन्या फिर्यादीशी जो संबंध पोहोचतो, त्याची दखल आपल्याकडील धर्मचिंतकांनी घ्यावी तेवढी घेतलेली नाही, अशी माझी तक्रार आहे.

एकच उदाहरण जवळून पाहू. अकॉन्ड्रोप्लेझिया नावाची एक जन्मजात अवस्था आहे. तीत हातापायांची लांब हाडे आखूड राहतात आणि उंची फार वाढत नाही, बुद्धीत मात्र काही उणे नसते. वीस-तीस हजार जन्मांमागे असे एखादे बालक जन्मते, आणि अशा दहा बालकांपैकी सुमारे आठांचे आईबाप सर्वसामान्य उंचीचे असतात, त्यांच्या घराण्यात ही गोष्ट पूर्वी कधी कोणी पाहिलेली नसते. कारण तपासले असता असे आढळते की, चौथ्या गुणसूत्रावरील एफजीएफआर-३ या जनुकात एका ठरावीक स्थळी डीएनएचे एकच अक्षर बदललेले असते; सहा अब्ज अक्षरांच्या त्या पोथीत एक अक्षर, आणि त्याने सारा अस्थिपंजर वेगळा होतो. बीजातील अशा नव्या फेरफाराला जीवशास्त्रात उत्परिवर्तन म्हणतात. १९१२ साली विल्हेल्म वाइनबर्ग या जर्मन वैद्याच्या ध्यानात आले की अशी बालके भावंडांत बहुधा धाकटी असतात; पुढे १९५५ साली लंडनच्या लायनेल पेनरोज यांनी दाखवून दिले की खरा संबंध जन्मक्रमाशी नसून पित्याच्या वयाशी आहे. स्त्रीच्या बीजपेशी तिच्या स्वतःच्या जन्माआधीच तयार होऊन थांबतात, पुरुषाच्या मात्र आयुष्यभर विभागत राहतात, आणि प्रत्येक विभाजन म्हणजे संपूर्ण पोथीची नवी नक्कल, व प्रत्येक नक्कल म्हणजे चुकीचा एक नवा प्रसंग. इतकेच नव्हे तर या विशिष्ट फेरफाराने वृषणातील त्या पेशीला इतर पेशींहून अधिक वेगाने वाढण्याची शक्ती मिळते, म्हणून वय वाढेल तसतशी तिची पिलावळही वाढत जाते. पेशीला जो बदल लाभाचा, तोच बालकाच्या हाडांना जाचक, असा हा विलक्षण मामला आहे.

आता येथे कर्म कोणाचे म्हणावे? आईने काही केलेले नाही. बापाने केले ते एवढेच की तो जरा उशिरा बाप झाला. राहता राहिले त्या बालकाच्या जीवाचे पूर्वजन्मीचे संचित. ते नव्हतेच असे सिद्ध करणे कोणत्याही प्रयोगशाळेच्या हाती नाही, हे मी मान्य करतो. परंतु जो कोणी ते होते असे म्हणेल त्याच्यावर एक अवघड जबाबदारी येऊन पडते. आइसलँडमधील संशोधकांनी २०१२ साली ७८ कुटुंबांतील आई, बाप आणि अपत्य या तिघांच्या डीएनएचे संपूर्ण वाचन करून असे दाखवले की, पित्याच्या वयाच्या दर वर्षामागे अपत्याच्या पदरी सुमारे दोन नवे फेरफार अधिक पडतात. विशीतला बाप सुमारे पंचवीस देतो आणि चाळिशीतला पासष्टच्या आसपास, आणि आई बहुधा पंधराएक. मग दुःख भोगण्यास पात्र ठरलेले जीव वयस्क पित्यांचीच घरे वर्षागणिक अधिकाधिक का निवडतात, हे कर्मवाद्याने सांगितले पाहिजे. कर्माचा नियम मुळात नैतिक नियम आहे. त्याचे कोष्टक बापाच्या वयाच्या कोष्टकाशी असे तंतोतंत जुळावे, याचे काहीही नैतिक स्पष्टीकरण मला तरी सुचत नाही.

आणि हे केवळ पाश्चात्त्य विद्येचे कर्मसिद्धान्तावरील आक्रमण आहे, अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानात स्पष्ट म्हटले आहे की बीजाचा जो भाग दूषित असेल त्या भागातून उत्पन्न होणाऱ्या अवयवात विकृती येते, आणि तो भाग दूषित नसेल तर येत नाही. आंधळ्याचे मूल आंधळेच निपजत नाही ते याचमुळे. चरकाला गुणसूत्रे ठाऊक होती असा फाजील दावा मी करणार नाही, तसा दावा करणारे चरकाचा गौरव करीत नसून त्याला वाचण्याचे टाळतात. पण विकृतीचे कारण विकृतीच्या जागी शोधावे ही वैद्याची शिस्त त्याच्याकडे होती. पाली संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की मनुष्याला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच होते हे मत खरे काय. तेव्हा बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतूचा पालट, विषम वर्तन, बाहेरून झालेला आघात अशी कारणे सांगून मग आठवे कारण म्हणून कर्माचा निर्देश करतो, आणि सर्व काही कर्मावर ढकलणारे प्रत्यक्ष अनुभवाला सोडून बोलतात असे बजावतो. अशी ही आपलीच परंपरा आहे, आणि तिचा आवाज नंतरच्या काळात क्षीण झाला याचे मला फार वाईट वाटते.

श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाच्या कारणाविषयी विचार करणाऱ्या ऋषींनी जे पर्याय एकामागून एक पुढे घेतले आहेत त्यांत काळ, स्वभाव आणि नियती यांच्या जोडीने यदृच्छेचेही नाव आहे. पुढच्या विवेचनात तिला फारशी सुनावणी मिळाली नाही. विनाकारण, विनानियम, जसे घडेल तसे घडणे, एवढाच यदृच्छेचा अर्थ समजला गेला आणि असल्या बेबंद तत्त्वावर जगासारखी रचना उभी राहणे अशक्य म्हणून तिला बाजूस सारण्यात आले. युरोपातही फार वेगळे घडले नाही. डार्विनचा अमेरिकेतील मोठा पुरस्कर्ता आसा ग्रे हा हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ श्रद्धाळू ख्रिस्ती होता. नैसर्गिक निवड त्याने मान्य केली, पण निवडीला जो कच्चा माल लागतो ते जीवांतील लहानलहान भेद ईश्वराने हितकर दिशेनेच पाठवलेले असावेत, असे मानण्याचा त्याचा आग्रह होता. डार्विनने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथाच्या अखेरीस ते मत आदराने पण ठामपणे नाकारले. तथापि दोघांच्याही हाती पुरावा असा नव्हता. भेद गरज पाहून येतात की गरजेकडे पाठ फिरवून येतात, हा प्रश्न तसाच अधांतरी राहिला.

त्याचा निवाडा ज्या प्रयोगाने झाला तो इतका साधा आणि इतका सुंदर आहे की तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो पाठ करावा. इटलीतून परागंदा झालेला साल्वादोर लुरिया आणि जर्मनीतून आलेला माक्स डेलब्रुक या दोघांनी १९४३ साली, जगात महायुद्ध पेटलेले असताना, अमेरिकेत बसून तो केला. आतड्यात राहणाऱ्या एका जीवाणूला मारून टाकणारा एक विषाणू आहे. कोट्यवधी जीवाणूंवर तो सोडला तर जवळजवळ सगळे मरतात, पण थोडे वाचतात, आणि वाचलेल्यांची संततीही वाचते. आता हे संरक्षण विषाणूशी गाठ पडल्यामुळे, संकटाला उत्तर म्हणून उत्पन्न होते, की संकटाची गंधवार्ताही नसताना काही पेशींत ते आधीच उत्पन्न होऊन बसलेले असते? लुरिया आणि डेलब्रुक यांनी मूठभर जीवाणूंपासून सुरुवात करून अनेक लहान नळ्यांत स्वतंत्रपणे त्यांची वाढ होऊ दिली, आणि मग प्रत्येक नळी विषाणू माखलेल्या आपापल्या बशीवर ओतून वाचलेल्यांची वसाहत मोजली. संरक्षण जर संकटातून येत असेल तर सर्व बशांवरील संख्या थोड्याफार फरकाने सारख्या यायला हव्यात. त्यांच्या एका प्रयोगातील वीस नळ्यांपैकी अकरा नळ्यांतून एकही जीवाणू वाचला नाही; काहींतून एक, तीन, पाच, सहा असे वाचले; एकीतून ३५, एकीतून ६४, आणि एकीतून १०७. ज्या नळीत तो फेरफार वाढीच्या आरंभीच घडून गेला होता तिथे त्याच्या वंशजांची रांग लागली होती, जिथे उशिरा घडला तिथे दोनचारच होते, आणि जिथे घडलाच नाही तिथे सर्वनाश झाला. म्हणजे तारणारा बदल संकटाच्या आधीच येऊन बसला होता, संकट त्याला ठाऊक नव्हते, आणि ज्या अकरा नळ्यांना त्याची सर्वांत अधिक गरज होती तिथे तो आलाच नाही.

ग्रेच्या मताला यापुढे आधार उरला नाही. पण माझ्या दृष्टीने प्रयोगाचा याहून खोल अर्थ दुसराच आहे. त्याच आकड्यांवरून लुरिया आणि डेलब्रुक यांनी तो फेरफार किती विभाजनांमागे एकदा घडतो त्याचे गणितही काढले. कोणत्या नळीत, कोणत्या पेशीत, कोणत्या क्षणी तो घडेल हे सांगणे अशक्य, तरी एकंदरीत किती वेळा घडेल हे सांगता येते, आणि पुन्हा प्रयोग केला तर ते प्रमाण पुन्हा तेच मिळते. ऋषींनी जिला बेबंद समजून दाराबाहेर ठेवले ती यदृच्छा बेबंद नव्हती. तिला माप होते.

आणि ते माप सर्वत्र एकच असते तरी त्यात एक प्रकारची ईश्वरी मुद्रा पाहता आली असती. पण ते तसे नाही. पॅरामेशियम नावाच्या एकपेशी प्राण्यात दर विभाजनामागे सुमारे पन्नास अब्ज अक्षरांत एखादे चुकते. आतड्यातील जीवाणूत पाच अब्जांत एक चुकते. मनुष्यात एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना आठ कोटींत एक, अर्थात त्या एका पिढीत पित्याच्या बाजूने शेकडो विभाजने सामावलेली असतात हे विसरता कामा नये. इन्फ्लुएन्झासारखे आरएनएचे विषाणू तर दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंतच्या टप्प्यात एक चूक करून बसतात. २०२३ साली पृष्ठवंशी प्राण्यांच्या ६८ जातींची मोजणी प्रसिद्ध झाली. तीत सर्वांत कमी आणि सर्वांत अधिक यांत चाळीस पटींचे अंतर निघाले. प्रत्येक जातीच्या वाट्याला आलेली यदृच्छा निराळ्या मापाची आहे.

हे माप ठरते कसे, हे समजण्यास आपल्याकडील ग्रंथपरंपरेचा दाखला उपयोगी पडेल. वेदपाठकांनी संहितेच्या रक्षणासाठी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशी तपासणीवर तपासणी बसवली. शब्द पुढून, मागून, पुन्हा पुढून म्हणावयाचे, म्हणजे एका जागी जीभ घसरली तर दुसऱ्या जागी ती उघडी पडते. त्यामुळे हजारो वर्षांत त्या पाठात फरक पडला तो नगण्य. महाभारताला असले कवच नव्हते. ते लोकांत फिरले, प्रांतोप्रांती उतरले गेले, आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या नंतरच्या संपादकांनी चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम हाती घेतले तेव्हा पाठभेदांच्या अरण्यातून वाट काढण्यात कित्येक दशके गेली. पेशीतही असाच तपासनिसांचा शिरस्ता आहे. डीएनएची नक्कल उतरवणारे प्रथिन स्वतः लाखांत एखादी चूक करते. तेच मागे वळून आपली चूक खोडते, तेव्हा प्रमाण शंभर पटींनी उतरते. मग दुसरी एक टोळी जुळत नसलेल्या जोड्या हुडकत फिरते आणि ते आणखी शंभर पटींनी, प्रसंगी हजार पटींनी उतरते. डीएनएच्या दुरुस्तीच्या निरनिराळ्या यंत्रणा उलगडल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यातली नोंद घेण्याजोगी गोष्ट ही की, हे तपासनीसही जनुकांनीच घडवलेले असतात. त्या जनुकांची नक्कल करतानाही चुका होतात, आणि कुठे तपासनीस अधिक दक्ष होतो, कुठे अधिक ढिला. यदृच्छेचे माप याप्रमाणे वारशाने उतरते, पालटते, आणि निवडीच्या चाळणीतून जाते. तिलाही पूर्वज आहेत.

मग त्या चाळणीने ते माप शून्यावर का आणले नाही? हा प्रश्न १९३७ साली आल्फ्रेड स्टर्टेव्हन्ट याने विचारला. गुणसूत्राचा पहिला नकाशा १९१३ साली काढणारा तोच हा. ज्या फेरफारांचा परिणाम जाणवतो त्यांपैकी बहुतेक अपायकारक असतात, तेव्हा चुका कमी करणारा प्रत्येक तपासनीस निवडीने उचलून धरायला हवा, आणि असे होत होत चुका संपुष्टात यायला हव्यात. त्या संपलेल्या नाहीत. का नाहीत?

येथे एक उत्तर इतक्या तत्परतेने पुढे येते की त्याची पारख करायला कोणी थांबत नाही. चुका झाल्या नसत्या तर उत्क्रांती झाली नसती, उत्क्रांती झाली नसती तर मनुष्य झाला नसता. म्हणून चुका ही प्रगतीची किंमत आहे, आणि काही बालकांचे दुःख ही समस्त जीवसृष्टीच्या उत्कर्षासाठी भरलेली खंडणी आहे. धर्मशील माणसे ईश्वराच्या वतीने हे उत्तर देतात आणि निरीश्वरवादी निसर्गाच्या वतीने देतात. दोघांनाही ते दिलासा देते. मला ते सर्वथा त्याज्य वाटते, आणि का ते सांगतो.

नैसर्गिक निवडीला उद्याचे दिसत नाही. एखाद्या जातीला हजार पिढ्यांनंतर नव्या गुणाची गरज लागेल म्हणून आज तिच्यात चुका राखून ठेवाव्यात, असा विचार करणारा कोणी त्या दरबारात बसलेला नाही. शिवाय स्त्रीपुरुषभेदाने प्रजोत्पत्ती करणाऱ्या जातींत पिढीमागून पिढी जनुकांची फेरवाटणी होत असते, त्यामुळे चुका वाढवणाऱ्या जनुकाने एखादा हितकर बदल घडवलाच तरी थोड्याच पिढ्यांत दोघांची ताटातूट होते आणि कर्त्याच्या खात्यावर ते श्रेय जमा होत नाही. नुकसान मात्र दर पिढीला सोसावे लागते. जपानच्या मोतो किमुरा याने १९६७ साली अचूकतेलाही वेळ आणि शक्तीचा खर्च पडतो याकडे लक्ष वेधले, आणि त्यात तथ्य आहे. परंतु मला अधिक समर्पक वाटते ते अमेरिकेच्या मायकेल लिंच याचे प्रतिपादन. तपासनीस जसजसा सुधारत जातो तसतसा पुढच्या सुधारणेचा लाभ लहान होत जातो. फार मोठ्या लोकसंख्येत तो लहानसा लाभही वाया जात नाही. पण लोकसंख्या लहान असली की कोण जगले, कोण मेले, कोणाला किती मुले झाली या योगायोगांच्या खळबळीत तो बुडून जातो, आणि निवडीचा हात तिथे थांबतो. म्हणून अपरंपार संख्येने नांदणारा पॅरामेशियम इतका काटेकोर, आणि आनुवंशिक हिशेबात ज्याची लोकसंख्या दीर्घकाळ दहा हजारांच्या आसपासच धरावी लागते तो मनुष्य त्याच्या मानाने ढिला. हे मत अद्याप वादातीत नाही; तरी जातीजातींतील आकडे मोठ्या प्रमाणावर त्याच्याशी जुळतात, आणि त्याचा तात्त्विक अर्थ फार दूरवर जातो. आपल्या मुलांच्या वाट्याला येणारे साठसत्तर नवे फेरफार कोणी मोजून दिलेले नाहीत. ते निवडीला उचलता न आलेली बाकी आहेत. आणि जिथे कोणी भाव ठरवलेला नाही तिथे किंमत हा शब्द वापरण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा मी झाकून ठेवणार नाही. रिचर्ड लेन्स्की याने २४ फेब्रुवारी १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे एकाच जीवाणूपासून बारा स्वतंत्र वंश बारा चंबूंत सुरू केले, आणि रोज थोडी संतती ताज्या रसात हलवण्याचा तो क्रम पुढे दशकानुदशके चालू राहिला. पहिल्या दहा हजार पिढ्यांत बारांपैकी तीन वंशांचे तपासनीस निकामी झाले आणि चुकांचे प्रमाण सुमारे शंभर पटींनी वाढले. तरी ते वंश नष्ट झाले नाहीत, उलट त्यांनी आपल्या चंबूतील इतरांना मागे सारले. जीवाणूंत फेरवाटणी नसल्यामुळे हितकर बदल आणि त्याला जन्म देणारा ढिलेपणा एकाच गाडीत बसून पुढे जातात, हे त्याचे कारण. मग चुकांना बक्षीस मिळते असे झालेच की! पण हकीकत एवढ्यावर संपत नाही. बारांपैकी नंतर ढिल्या झालेल्या आणखी एका वंशात पुढे, सोपे लाभ हाती लागून गेल्यावर, दुसऱ्या जनुकातील फेरफारांनी चुकांचे प्रमाण पुन्हा जवळजवळ निम्म्यावर आणले, आणि तेही स्वतंत्रपणे दोनदा. पोलिओच्या एका अधिक अचूक वाणाचीही अशीच गोष्ट आहे. तो उंदरांत दुबळा ठरला तेव्हा विषाणूला चुकांचीच गरज असते असा निष्कर्ष अनेकांनी काढला, आणि २०१८ साली दिसून आले की दुबळेपणाचे मुख्य कारण नक्कल मंद होणे हे होते. ढिलेपणाला काही काळ भाडे मिळते, वतन मिळत नाही.

आणि जिथे निवडीचा हात पोहोचतो तिथे तो किती काटकसरीने काम करतो याचे एक अद्भुत उदाहरण २०२२ साली केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतून आले. उंदीर, मनुष्य, जिराफ इत्यादी सोळा सस्तन जातींच्या आतड्यातील पेशींत जगता जगता साठणारे फेरफार मोजले असता उंदरात वर्षाला सुमारे आठशे आणि मनुष्यात सत्तेचाळीस असे निघाले. आणि आयुष्याच्या अखेरीस साठलेला आकडा मात्र सर्व जातींत पुष्कळसा जवळजवळ. ज्याला जास्त जगायचे त्याच्या देहाने अधिक सावकाश झिजण्याची व्यवस्था करून घेतलेली आहे.

किंमतीच्या कल्पनेला चिकटून राहणारे एक शेवटचे उदाहरण पुढे करतील, आणि ते आपल्या दाराशीच आहे. विदर्भातील गावांत, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडे, आणि इकडे नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल हा शब्द कोणाला समजावून द्यावा लागत नाही. रक्तातील एका प्रथिनाच्या जनुकात एक अक्षर बदललेले असते. आईबापांपैकी एकाकडूनच ते आले तर मनुष्य बहुधा धडधाकट असतो आणि मलेरियाच्या घातक रूपापासून त्याला संरक्षण मिळते; दोघांकडून आले तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात, सांधे आणि हाडे असह्य ठणकतात, आणि हे वारंवार होते. फेरफार अपायकारक असूनही टिकून राहिला तो मलेरियामुळे, हे अँथनी अ‍ॅलिसन याने १९५४ साली आफ्रिकेतील पाहणीवरून दाखवले. तेव्हा येथे तरी लाभ आणि किंमत समोरासमोर आहेत ना? आहेत; पण लाभ एकाला आहे आणि ठणका दुसऱ्याला. मलेरियातून वाचलेला चुलता आणि रात्रभर गुडघे धरून रडणारी पुतणी या दोन निराळ्या व्यक्ती आहेत. समष्टीच्या जमाखर्चात तो हिशेब जुळतो, पण जिच्या नावे तो खर्च पडला तिला त्यात कोणी विचारलेले नसते. आणि जो देव असा जमाखर्च मांडून आपले समर्थन करील त्याच्यावर ब्रह्मसूत्रांतली ती फिर्याद अधिकच जोराने लागू होईल.

मग पर्जन्याच्या दृष्टान्ताचे काय करावे? त्याचा पूर्वार्ध मी मनापासून स्वीकारतो. पाऊस सारखा पडतो. चैतन्याच्या प्रकाशात कोणी आपले नाही, कोणी परके नाही. अकॉन्ड्रोप्लेझियाच्या बालकात आणि पैलवानाच्या बालकात ते एकच तत्त्व आहे, या श्रद्धेला डीएनएच्या कोणत्याही शोधाने बाध येत नाही. उत्तरार्धात मात्र बीजाच्या वैषम्याची सारी जबाबदारी जीवाच्या संचितावर टाकलेली आहे, आणि ती आता तेथून उतरवली पाहिजे. सृष्टीच्या आरंभी, जेव्हा कोणी काही केलेच नव्हते तेव्हा, वैषम्य आले कोठून, या अडचणीच्या प्रश्नाला सूत्रकार पुढच्याच सूत्रात संसाराच्या अनादित्वाचे उत्तर देतात. बीजापूर्वी अंकुर आणि अंकुरापूर्वी बीज. नकलांची साखळी खरोखरच फार मागे जाते, साडेतीन अब्ज वर्षांइतकी तरी. पण तिच्या मागच्या टोकाला कोणाचे पुण्य वा पाप सापडण्याची चिन्हे नाहीत. आचार्यांना बीजाच्या आत पाहता आले नाही. पाहता आले असते तर त्यांच्यासारख्या निर्भय तार्किकाने आपला जबाब दुरुस्त केला असता, असे मी त्यांच्याविषयीच्या आदरानेच म्हणतो.

हा वाद ग्रंथांपुरता असता तर मी त्यावर इतका वेळ घेतला नसता. एसएस पॅटर्नचे, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकलसेलचे अक्षर आलेले मूल पदरी घेऊन रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या बाईला गावातले शहाणे अजून सांगतात की हे तुझ्या मागल्या जन्मीचे फळ आहे, आणि बहुतेक वेळा तिलाच सांगतात, नवऱ्याला नाही, वास्तविक ते अक्षर दोघांकडून सारखेच आलेले असते. या सांगण्याला चरकाचा आधार नाही, बुद्धाचा नाही, आणि मी वर मांडलेल्या कारणांसाठी वेदान्ताचाही घेता येऊ नये. तिला सांगावयाचे ते असे: दोघेही एएस, म्हणजे ते अक्षर एकाच बाजूने आलेले असाल तर प्रत्येक गरोदरपणी मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते, आधीचे मूल कसे निघाले याचा पुढच्या मुलाशी संबंध नसतो, रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, गर्भाचीही करता येते, मुलाला भरपूर पाणी पाजत जा, थंडी बाधू देऊ नकोस, ताप आला की वाट पाहू नकोस, आणि डॉक्टरांनी दिलेल्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या ठणका थांबला म्हणून मध्येच बंद करू नकोस.